घरातली कानडी बंद झाली ते वर्ष

पहिलीत असताना मला सात आणि आठ सारखेच ऐकू यायचे. बाई फळ्याकडे तोंड करून अंक सांगायच्या आणि सगळा वर्ग पाटीवर भराभर लिहायचा. ‘सात’ म्हटलं की माझ्यापर्यंत नुसतं ‘आत’ असं काहीतरी यायचं, आणि ‘आठ’ म्हटलं तरी तेच. मग मी अंदाजानं एक लिहून टाकायची. ‘साठ’ आला की तोही त्यातलाच. सगळ्यांना असंच ऐकू येतं आणि तरीही त्यांना ओळखता येतं, म्हणजे त्यांच्या डोक्यात माझ्यापेक्षा काहीतरी जास्त आहे, अशी माझी समजूत होती. त्यामुळे मी कुणाला काही विचारलं नाही.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. सोलापुरात शुक्रवार पेठेत खाली माझ्या वडिलांचं, अप्पांचं, भुसार मालाचं दुकान होतं आणि वर आमच्या दोन खोल्या. घरात आम्ही कानडी बोलायचो. अप्पा गिऱ्हाइकांशी मराठी बोलत आणि जिना चढून वर आले की कानडी. अव्वाचं, म्हणजे माझ्या आईचं, माहेर दुधनीचं. तिथल्या कानडी शाळेत ती चौथीपर्यंत शिकलेली. मराठी तिला भाजीवालीशी घासाघीस करण्यापुरती यायची.

गणपतीच्या आधी बाईंनी तिला शाळेत बोलावून घेतलं. ती डोक्यावरचा पदर सारखा करत दारात उभी राहिली. बाईंनी माझी पाटी तिच्यासमोर धरली.

“हे बघा. मी सांगते एक, ही लिहिते दुसरंच. घरात काय बोलता तुम्ही?”

“कानडी,” अव्वा म्हणाली.

“तरीच. अहो, लेकराच्या डोक्यात दोन भाषांचा गोंधळ झालाय. शाळेत एक ऐकते, घरी दुसरं. घरातली कानडी बंद करा. आणि रोज घरी अभ्यास घ्या. नाहीतर वर्ष वाया जाईल तिचं.”

बाई वाईट नव्हत्या. मला कधी छडी मारली नाही त्यांनी. त्यांना जे दिसत होतं त्यावरून त्यांनी सांगितलं, आणि आमच्या घरी ते कोर्टाच्या निकालासारखं मानलं गेलं. त्या संध्याकाळी अप्पांनी जेवताना जाहीर केलं की आजपासून या घरात कुणी कानडी बोलायचं नाही. हे त्यांनी कानडीतच सांगितलं. मग त्यांच्या ते लक्षात आलं आणि ते पानाकडे बघत जेवत राहिले.

त्यानंतर आमचं घर फार शांत झालं. अव्वा मुळात बडबडी बाई. माझे केस विंचरताना ती दुधनीच्या गोष्टी सांगायची, कुणाच्या बैलानं काय केलं, बाजारात कोण कुणाशी भांडलं. आता ती एखादं मराठी वाक्य आधी मनाशी जुळवायची आणि मग बोलायची. “तेल... लावू का तुला?” एवढं म्हणेपर्यंत तिला घाम फुटायचा. केस विंचरणं मुकाट्यानं व्हायला लागलं. मलाही वाटायचं की आपल्यामुळे हिचं बोलणं गेलं.

अभ्यास घ्यायचा तर तिला स्वतःलाच आधी मराठी अक्षरं यायला हवी होती. सकाळी दुकान उघडायच्या आधी अप्पा तिला पाटीवर एक ओळ काढून देत. मी शाळेतून येईपर्यंत ती ओळ गिरवत बसे. कानडी अक्षरं गोल, वळणदार. ही उभी, डोक्यावर रेघ असलेली. तिचा हात आपोआप गोल वळायचा. ती पुसायची, पुन्हा काढायची. दुपारी मी आले की सकाळी शिकलेलं तेच ती मला शिकवायची. आम्ही दोघी एकाच इयत्तेत होतो म्हणा ना.

गणित ती चिंचोक्यांवर घ्यायची. जमिनीवर ढीग करायचा, मला मोजायला सांगायचं, त्यातले काही काढून घ्यायचे. हे मला बरोबर यायचं. बेरीज जमायची, वजाबाकी जमायची. पुस्तकातलं अक्षर बघून लिहायलाही काही अडायचं नाही. पण तोंडानं सांगितलेलं लिहायला घेतलं की सगळं बिघडायचं. ‘फणस’ म्हटलं की मी ‘पण’ लिहायची. ‘तवा’चा ‘पवा’ व्हायचा. अव्वा माझ्या पाटीकडे बघत राहायची.

“मगाशी तर आलतं की तुला,” ती म्हणायची. “आता काय झालं?”

मला काय झालं ते मलाही ठाऊक नव्हतं. सकाळी शाळेची वेळ झाली की माझ्या पोटात दुखायला लागायचं. अव्वा ओवा चावायला द्यायची आणि हाताला धरून शाळेच्या फाटकापर्यंत सोडायची. सहामाहीत मी नापास झाले. अप्पा रागावले नाहीत. ते म्हणाले, “दुसरं वर्ष बसवू पहिलीत. त्यात काय.” त्यांच्या आवाजातला तो थकवा मला रागापेक्षा जास्त लागला.

त्याच सुमाराला मैंदर्गीहून आत्या आली. तिनं दोन दिवस आमचा हा अभ्यास पाहिला आणि मग चहा पिता पिता अव्वाला म्हणाली, “कशाला जीव काढती तिचा? आमच्या गल्लीत असंच एक पोरगं होतं. डोकंच न्हाई त्याला. आता शेरडं राखतंय. सुखी हाय की.”

मी आत्याच्या अगदी समोर बसले होते, त्यामुळे मला सगळं कळलं.

आत्या गेल्यानंतर थोड्याच दिवसांनी ती संध्याकाळ आली. अव्वा चुलीपुढे भाकरी थापत होती. मी तिच्या पाठीमागे भिंतीला टेकून पाटी घेऊन बसले होते. ती भाकरीवरची नजर न काढता अंक सांगत होती, मी लिहीत होते. शेवटची भाकरी तव्यावर टाकून ती वळली आणि पाटी पाहिली. एकही अंक धड नव्हता. ती पिठाच्या हातांनीच माझ्यासमोर येऊन बसली. आता मार बसणार असं मला वाटलं. पण ती इतकी दमली होती की तिच्या तोंडून कानडीच निघाली. “एळु,” ती म्हणाली. मी सात लिहिला. “एंटु.” मी आठ लिहिला. “आरु, ऐदु, मूरु.” सहा, पाच, तीन, सगळे बरोबर.

ती थांबली. मग माझ्या तोंडाकडे बघत तिनं हळूच मराठीत म्हटलं, “सात.” मी सात लिहिला. “आठ.” आठ लिहिला.

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तरी ती उठली नाही. मग तिनं पदर ओढून तोंडावर धरला आणि पुन्हा तेच आकडे सांगितले. आता माझे मराठी आकडे चुकले. पदराआडून सांगितलेले कानडी मात्र बहुतेक बरोबर आले; ते कानाला एकमेकांपासून वेगळे लागायचे. शेवटी ती उठून माझ्या पाठीमागे गेली. तिथून तिनं मला हळू आवाजात हाक मारली, असं तिनं मागाहून सांगितलं. मी वळले नाही. पाटीवरचे आकडे पुसत बसले होते.

अप्पा वर आले तेव्हा ती त्यांना म्हणाली, “अवो, पोरगी तोंड बघती माझं. तोंड दिसलं तर तिला कळतंय. न्हाईतर न्हाई.”

“म्हणजे?”

“तिला ऐकू येत न्हाई.”

अप्पांना ते पटेना. “मिलचा भोंगा वाजला की ही दचकून उठते. खालून मी हाक मारली तर ओ देते. बहिरी कशी असेल?”

“ते मला न्हाई ठाव. दवाखान्यात न्यायचं.” अव्वानं अप्पांना असं ठरवून सांगितलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कानात दिवा धरून पाहिलं, एक लोखंडी चिमटा वाजवून कानाशी धरला, मग माझ्या मागे उभे राहून कुजबुजत काहीतरी म्हणाले. मग त्यांनी अव्वाला विचारलं, “लहानपणी काही मोठं दुखणं झालं होतं का?”

“गोवर झालता. माहेरी होते मी तवा. लई ताप होता.”

“त्यातच कानाच्या नसेला धक्का बसला असणार. जाड आवाज तिला ऐकू येतात. बारीक येत नाहीत. स, श, त, ठ हे तिच्यापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून भोंगा ऐकू येतो आणि बाईंचं बोलणं कळत नाही.”

“औषध?” अप्पांनी विचारलं.

डॉक्टरांनी मान हलवली. “समोर बसवा. तिच्याकडे तोंड करून बोला. डोक्यानं चांगली आहे पोरगी.”

अव्वानं एकच गोष्ट विचारली. “घरात कानडी बोललं तर चालंल का?”

“कानडीचा यात काय संबंध?” डॉक्टर म्हणाले.

दवाखान्याबाहेर येऊन ती एका झाडाखाली बसली आणि रडली. मी मठ्ठ नाही याचा आनंद तिला झाला असेल, पण मला दिसलं ते रडणंच. अप्पा शेजारी उभे राहून रस्त्याकडे बघत होते.

आता घरात पुन्हा कानडी सुरू होईल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही, आणि या वेळी अप्पांनी काही म्हटलं नव्हतं. अव्वानंच ठरवलं. “एका भाषेची तोंडं वळखायला तिला एवढं जड जातंय,” ती अप्पांना म्हणाली. “दोनदोन कशाला घालायची तिच्या डोक्यावर? शाळा मराठीत हाय. ऱ्हाऊ द्या मराठीच.”

ती शाळेत जाऊन बाईंनाही भेटली. बाई म्हणाल्या, “मग आधी का नाही सांगितलंत?” बाईंनी मला पहिल्या रांगेत बसवलं. तरी फळ्यावर लिहिता लिहिता बोलायची त्यांची सवय जाईना. मग रोज दुपारी अव्वा माझ्यासमोर मांडी घालून बसे आणि शाळेत झालेला धडा पुन्हा पहिल्यापासून, सावकाश, ओठ हलवून वाचून दाखवी. तिचं मराठी वाचन माझ्याबरोबरच सुधारलं. वार्षिक परीक्षेत मी पास झाले.

त्यानंतर वाचनानं मला कधी दगा दिला नाही. माणसं बोलताना मान फिरवतात, हसतात, पान खातात, काळोखात बोलतात. छापलेलं अक्षर तसलं काही करत नाही. मी हाताला लागेल ते वाचायला लागले. अव्वाला त्याचा अभिमान होता आणि काळजीही होती, कारण मी माणसांत कमी आणि पुस्तकात जास्त असायची. मी मोठी व्हायला लागले तशी ती शेजारणींपासून माझं हे ऐकणं लपवू लागली. लग्नाच्या वेळी सांगायचं की नाही, यावरून तिचं आणि अप्पांचं कितीदा तरी वाजलं.

पण ते सगळं पुढचं. पहिली पास झाल्यावर त्याच उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दुधनीला गेलो. अज्जीनं, अव्वाच्या आईनं, मला जवळ घेतलं आणि कानडीत काहीतरी विचारलं. तिच्या तोंडात दात नव्हते. ओठ आत ओढलेले. तिचं तोंड मला वाचताच येईना. शब्द कानाला ओळखीचे वाटत होते, अर्धाअधिक अर्थही लागत होता, पण उत्तर द्यायला गेले तर जिभेवर मराठीच आली. अज्जीला मराठी येत नव्हती. तिनं पुन्हा विचारलं. मी अव्वाकडे बघितलं.

अज्जीनं मग अव्वालाच काहीतरी विचारलं. पोर माझ्याशी बोलत का नाही, असंच असणार. अव्वा उत्तर देऊ लागली. खूप दिवसांनी ती भरभरून कानडी बोलत होती, आणि तिचं तोंड अज्जीकडे होतं. ती काय सांगत होती ते मला कळलं नाही.