बाईंची खिडकी

मृणाली शेट्ये यांच्याबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही. त्या मूळच्या दाभोळच्या, रत्नागिरीत कॉलेजात शिकवत आणि चहात साखर घेत नसत. याहून फारसं मला ठाऊक नाही. विचारायचा धीर झाला नाही.

माझा शेजारी रावजी सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या बागेत विहीर खणत होता. जांभा संपल्यावर काळी माती लागली, तिच्यात काळ्या लाकडाचे तुकडे. अशा मातीसाठी मृणालीबाई गावोगावच्या विहिरी पालथ्या घालत. कातळ व्हायच्या आधी इथे कोणतं रान होतं आणि पाऊस बदलला तेव्हा त्यातलं काय तगलं, हे त्यांना मातीत दबलेल्या पानांवरून शोधायचं होतं. मी त्यांना फोन केला.

त्या आल्या तर रावजी पाटी घेऊन हसत उभा. ढेकळं फोडून, काथ्याने घासून त्याने सगळं नळाखाली धुतलं होतं. पाटीत नुसते चकचकीत लाकडाचे तुकडे.

"पाहुण्याच्या हातात चिखल कसा द्यायचा, बाई?"

बाकीची माती बांधावर उन्हाने तडकून गेली होती. मृणालीबाई चिऱ्यावर बसल्या. मला वाटलं, आता रडतात.

"आतून बांधकाम कधी करताय?"

"उद्या सकाळी गवंडी येतोय."

"मग आज मी उतरते."

"पडलात तर माझी काय गत होईल हो!"

"पडले तर मलाही धुऊन ठेवा," म्हणत त्या शिडीवरून खाली गेल्या.

भिंतीतून कापून आणलेलं ढेकूळ त्यांनी सुरीने अलगद उकललं. आत एक पान, शिरांसकट. रावजीने हात पाठीमागे बांधून घेतले.

"आमच्या सड्यावर हे?"

"हे झाड आता घाटातल्या ओल्या रानात आहे."

"म्हणजे अजून गेलं नाही!"

"नाही ना. कोण कसं टिकलं ते कळलं, तर पुढे काय लावायचं तेही कळेल."

दुसऱ्या दिवशी रावजीने बांधकामात खिडकीएवढी जागा मोकळी ठेवायला लावली. गवंडी कुरकुरला. "बाईंची खिडकी आहे ती," रावजी म्हणाला. पुढे दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की बाई येत.

यंदा त्यांना परगावी नोकरी लागली. रत्नागिरीत मांडवीला बसची वाट पाहताना मला भेटल्या.

"काका, पाणी उतरलं की कळवा हं."

"कळवतो. माती काढून ठेवू?"

"ठेवा. पण धुवायची नाही."

"छे छे. कागदात गुंडाळतो. रविवारची पुरवणी चालेल?"

"चालेल. बस आली, काका. येते."