विठूदादांचा ‘मी’

सोनालीने दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती. रसायनीतल्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये ती चपात्या लाटायची आणि रविवारी चौक गावी जागृती मॅडमच्या वर्गाला जायची. आठवीत तिची शाळा सुटली ती इंग्रजीच्या धास्तीने. आता त्याच इंग्रजीने तिला वेड लावलं होतं.

झालं असं, की एका रविवारी मॅडमनी डायरेक्ट-इनडायरेक्ट शिकवायला घेतलं. दुसऱ्याचं बोलणं आपण सांगायचं झालं, तर त्याच्या ‘आय’चा ‘ही’ होतो किंवा ‘शी’, आणि ‘टुमॉरो’चा ‘द नेक्स्ट डे’. सोनालीचा हात वर गेला.

“मॅडम, माणूस ‘मी’ म्हनाला ना? मग आपन कशाला बदलायचं?”

“कारण आता तोंड तुमचं आहे. तुम्ही ‘मी’ म्हणालात तर ऐकणाऱ्याला तुम्हीच वाटणार.”

“पन मराठीत तर आमी तसंच ठेवतो. सासू म्हनाली की मी येत नाय.”

मॅडम हसून म्हणाल्या, “खरंच की. आपण संदर्भावरून ओळखतो.”

हे ‘ओळखतो’ सोनालीच्या डोक्यातून जाईना. त्या आठवड्यात घरात कुणी काही बोललं की तिचं सुरू. सासूबाई भागूबाई सूप घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, “मी तांदूळ निवडतेय गं, जरा दाराकडं बघ.” सोनाली लगेच पुटपुटली, “भागूबाई सेड दॅट शी वॉज क्लीनिंग राइस.”

“काय म्हनलीस मला?”

“तुमचंच बोलनं हाय आई, फक्त इंग्रजीत गेलं.”

“मग जाऊ दे. पन दार?”

महिन्याभराने कँटीनमध्ये घोळ झाला. सोमवारी सकाळी कोठीघर उघडलं तर आत घोटाभर पाणी. साखरेची नि मैद्याची पोती खालून भिजलेली. शनिवारी शेवटी दोघंच होती, सोनाली आणि आचारी विठूदादा. दादांनी पाणी पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “मी नळ उघडा ठेवला,” ते म्हणाले. निवृत्तीला चार महिने उरलेला माणूस, खाली वाकून पोती ओढायला लागला.

दुपारी ऑफिसातल्या रुचिताने सोनालीला बोलावलं. पोरगी नवीन होती, वागायला गोड. काय घडलं ते तिने विचारलं, सोनालीने सांगितलं. “दादा आत आले नि म्हनाले की मी नळ उघडा ठेवला.” रुचिताने भराभर इंग्रजीत टाइप केलं आणि कागद पुढे सरकवला. “इथे सही करा ताई, मुंबईच्या ऑफिसला पाठवायचाय.”

सोनाली सही करायच्या आधी बोट ठेवून एकेक शब्द वाचू लागली. रुचिता घड्याळाकडे बघत होती. चौथ्या ओळीवर बोट थांबलं. ‘विठू सेड दॅट आय हॅड लेफ्ट द टॅप ओपन.’

“हा ‘आय’ कोन हाय?”

“कोण म्हणजे? विठूदादा.”

“खाली सही माझी हाय. मग ‘आय’ मी झाले ना? दादांनी माझ्यावर आळ घेतला असं झालं.”

रुचिताने पुन्हा वाचलं. तिचा चेहरा उतरला. “पण तुम्ही ‘मी’च म्हणालात.”

“म्हनले की! तेच तर.” सोनालीला रागापेक्षा नवलच जास्त वाटत होतं. “‘विसरलो’ म्हनाले असते, तर निदान बाई की बाप्या ते कळलं असतं. ‘ठेवला’ तर नळावर गेलं, बोलनाऱ्यावर नाय.”

रुचिता म्हणाली, दादांना विचारूनच बदलते. आता मात्र सोनालीचं नवल ओसरलं. दादा नाही म्हणाले तर? सकाळचं ऐकणारी ती एकटी होती.

विठूदादा हात पुसत आले. रुचिताने कागदात काय लिहिलंय ते मराठीत सांगितलं. त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. निवृत्ती तोंडावर आलेली.

“पोरीचं नाव काढा,” ते म्हणाले. “नळ म्या उघडा ठेवला. म्या म्हंजे ह्यो विठू.”

रुचिताने ‘आय’ खोडून ‘ही’ केलं. सोनालीने सही केली. दादांना समजपत्र मिळालं, प्रकरण तेवढ्यावर मिटलं. दोन दिवस ते कमी बोलले. तिसऱ्या दिवशी चहा पुढ्यात ठेवून म्हणाले, “सोनाली, माझं बोलनं इंग्रजीत कसं दिसतं, वाच की गं.”

तिने पाठ झालेलं वाक्य म्हणून दाखवलं. दादांनी कान देऊन ऐकलं.

“ह्यात माझा ‘मी’ कुठं गेला?”

“‘ही’ झाला, दादा.”

“आनि मी सोता सांगितलं तर?”

“तर ‘आय’च ऱ्हातो.”

“मग बरं हाय,” दादा म्हणाले, आणि नळाला इंग्रजीत काय म्हणतात ते विचारू लागले.