मला लागू पडलेली गोळी

नंदाला हे ठाऊक नाही. माझ्या नवऱ्याला नाही, आईला नाही. ज्या डॉक्टरीणबाईंना माझं बाकी सगळं ठाऊक आहे, त्यांनाही नाही. सात वर्षं झाली. मग तुम्हालाच का सांगते? तुम्ही मला ओळखत नाही, एवढं कारण मला पुरतं.

आधी एक गोष्ट सरळ करून टाकते. मला नैराश्याचा आजार आहे, मी गोळ्या घेते, आणि त्याची मला काडीचीही लाज वाटत नाही. दौंडला शाळेत गणित शिकवते, नवरा रेल्वेत आहे, सगळ्या कॉलनीला माहीत आहे की बाई दर महिन्याला पुण्याला डोक्याच्या डॉक्टरकडे जातात. जाते. कुजबुजायचं त्यांनी खुशाल कुजबुजावं. कबुली द्यायची आहे ती याची नाही.

हे उपचार मी भांडून मिळवले होते. माझ्या दुखण्यावर खुटबावला, माहेरी, बैठकच बसली होती. आप्पा, माझे वडील, म्हणाले, "पोरीला कुनाची तरी नजर लागलीय. शिरूरकडं एक बाई हाय, ती उतरवती." थोरल्या काकांचं मत — नोकरी सोडायची, घरात बसायचं, आपोआप बरं वाटेल. मी ताडकन उठले. हा आजार आहे, म्हटलं, आजाराला औषध असतं, आणि औषध घेतलं की माणूस बरा होतो. सहा महिन्यांत दाखवते! गणिताची बाई ना मी — सिद्ध करून दाखवायची खोड.

सहा महिने झाले. गोळी एक दिवस चुकवली नाही. आणि बरं? छे! सकाळी दात घासायचे तर डोंगर चढल्यासारखं वाटायचं. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी राहायचे, कारण मुलांकडे वळलं की चेहरा लागतो. गोळीनं तोंड कोरडं पडायचं तेवढं, बाकी मी होते तिथंच होते. डॉक्टरीणबाई विचारायच्या, फरक वाटतोय ना? शेजारी नवरा, रजा टाकून आलेला. मी म्हणायचे — हो, फरक आहे. बरं आहे का असं कुणी विचारलं की आपण बरं आहे म्हणतोच की. पण मी भिडेपोटी म्हणत नव्हते. मला हरायचं नव्हतं. दर रविवारी आप्पांचा फोन — "काय मास्तरीणबाई, उतरली का नजर?" मी ठणकावून सांगायचे, उतरली, गोळीनं उतरली.

इथपर्यंतचं खोटं माझं मला भोवलं. त्याचं मला आजही फारसं वाईट वाटत नाही.

मग नंदाचं झालं. नंदा माझी धाकटी बहीण, कासुर्डीला दिलेली. घरची शेवंतीची शेती, पदरात दीड वर्षाची मुलगी, आणि ही आपली ओट्यावर बसून. फुलं तोडायला बाया येऊन थांबायच्या, मुलगी रडून रडून झोपायची, नंदा हलायची नाही. तिच्या नवऱ्यानं फोन कुणाला करावा? मलाच. घरात 'बरी झालेली' मीच होते ना! दौंडहून मी पुण्याच्या डेमू गाडीत बसले, यवतला ती चढली, आणि तिला घेऊन त्याच डॉक्टरीणबाईंपुढे गेले.

त्यांनी तिला सगळं विचारलं, लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, एका रक्ताच्या माणसांना कधी कधी एकच औषध लागू पडतं. तुम्हाला ही गोळी चांगली मानवली ना? मग हिलाही तिच्यापासूनच सुरुवात करू या.

नंदा माझ्याकडे बघत होती.

काय अडलं होतं माझं? तिथं आप्पा नव्हते, काका नव्हते, दार लावलेलं होतं. 'नाही' — एवढा एक शब्द. मी म्हटलं, हो, खूप फरक पडला. 'खूप' कुणी मागितला नव्हता. तो मी माझ्या पदरचा घातला.

बाहेर आल्यावर नंदानं विचारलं, "ताई, तुला किती दिसांत उतार पडला गं?" तीन आठवडे, मी म्हटलं. आकडासुद्धा दिला. गणितातला आकडा कधी असा बिनदिक्कत फेकला नसता मी.

ती तीन आठवडे मोजत बसली. मग सहा. मग आठ. आणि एक दिवस तिनं कुणाला न सांगता गोळी बंद केली. डॉक्टरकडे जायचं टाळलं — बरी आहे, असं घरात सांगून. का बंद केली, ते तिनं मला पुष्कळ नंतर सांगितलं. "तुला तीच गोळी लागू पडली आन् मला न्हाई. म्हंजी मला आजारच नव्हता ना ताई. मला वाटलं, मी नुसती ढोंगी हाय."

पुढं तिचं जेवण सुटलं, मग बोलणं सुटलं. पुण्याला दवाखान्यात ठेवावं लागलं, तिथून खुटबावला आणलं. मुलगी कासुर्डीलाच, सासूजवळ. वर्ष गेलं त्यात.

ती दवाखान्यात असताना मी एकटी डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि सांगितलं, मला या गोळीचा उपयोग नाही. वाटलं होतं, चिडतील. कसल्या चिडतात? म्हणाल्या, पहिलं औषध लागू न पडणारे पुष्कळ असतात. मात्रा वाढवता येते, गोळी बदलता येते, जोडीला दुसरी देता येते, थायरॉइड तपासायचं असतं. आम्हाला कळायला तर हवं! इतकं सोपं होतं ते. मग त्यांनी विचारलं, कधीपासून उपयोग नाही? आणि मी — नंदा तिकडे पडलेली असताना — म्हणाले, अलीकडेच.

माझं तिसऱ्या गोळीला जमलं, जोडीला आणखी एक छोटी. नंदाचीही गोळी बदलली. दोघी बऱ्या आहोत, खरोखरच्या. आप्पा आता पारावर बसून लोकांना सांगतात, "नजरबिजर काय नसतं, माझ्या दोन्ही पोरी औषधानं उठल्या." म्हणजे वाद मी जिंकले.

नंदाची मुलगी आता तिसरीत आहे. ती आजीला आई म्हणते आणि आईला नंदा. त्या वर्षात सवय लागली, ती मोडली नाही. पाहुण्यांना नवल वाटतं, मग नंदाच हसून सांगते, "ते वरीस आजारानं नेलं, काय करायचं!" दर वेळी मी तिथंच बसलेली असते, हातात कपबशी घेऊन, आणि मान हलवते. त्या वर्षातला माझा वाटा किती, ते तिला सांगितलेलं नाही. सांगेन, असंही मी इथं लिहीत नाही.