ओटीवरचे दोन कॅमशाफ्ट

लग्नानंतरच्या चौथ्या-पाचव्या वर्षी, म्हणजे नव्वदच्या दशकात, आमच्या ओटीवर दोन कॅमशाफ्ट गोणपाटावर शेजारी शेजारी निजवलेले असायचे. त्यांना ओलांडायची घरात कोणाची टाप नव्हती. मी केरसुद्धा त्यांच्या कडेकडेनं काढायची. पाळण्यातल्या पोराचं काय कौतुक होईल एवढं त्यांचं चाललेलं.

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या पोटातला दांडा. त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरला की ते उंचवटे झडपा उघडतात आणि इंजिन श्वास घेतं. उंचवटा जेवढा मोठा तेवढा श्वास मोठा. हे मला लग्नाआधी ठाऊक नव्हतं आणि ठाऊक नसल्यानं माझं काही अडलंही नव्हतं.

आमचे हे मुरबाडच्या एमआयडीसीत टर्नर. मुंबईत टॅक्सी म्हणून धावायची त्या जातीची एक जुनी गाडी त्यांनी भंगारात जाता जाता उचलून आणलेली. सुट्टीच्या दिवशी तिचं इंजिन खोलायचं, हेड घासायचं, एकाच्या जागी दोन कार्बोरेटर बसवायचे, हाच उद्योग. वैशाखऱ्यावरून माळशेज घाट चढताना आपल्या पुढे कोणी असू नये, एवढी एकच इच्छा होती त्या माणसाची. बिडी नाही, दारू नाही, मग मी तरी काय बोलणार? राहिला होता फक्त कॅम, दोनातला कोणता बसवायचा ते. एक मुंबईच्या मित्रानं पाठवलेला, शर्यतीच्या गाडीतला. दुसरा कंपनीचाच, थोडासा घासून सुधारलेला, सौम्य, हळू चालतानाही न अडखळणारा.

माझं दुखणं वेगळं होतं. शहापूरच्या सरकारी दवाखान्यात मी रक्त तपासायची. सकाळची तपासणी उपाशी पोटी करायची असते. त्यासाठी माणसं लांबलांबच्या वाड्यांवरून चालत यायची, म्हाताऱ्या, पोटुशी बायका. मी मात्र सरळगावला एसटी बदलणार, आणि पुढची एसटी आपल्या मर्जीनं येणार. मी पोचेपर्यंत बाकड्यावर माणसं भुकेनं पेंगलेली असायची. एकदा एक बाई चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, "बाई, असं चालायचं नाही. वेळेवर या, नाहीतर दुसरं माणूस बघतो." शहापूरला खोली घ्यावी तर घरी सासूबाई अंथरुणावर. सासरे सरळ म्हणाले, "सोडून दे गो नोकरी. काय नडलंय?" माझं बरंच काही नडलं होतं. ती नोकरी मी रडून आणि भांडून मिळवलेली होती.

ह्यांनी मला गाडी शिकवली होती. तेव्हा मी म्हटलं, "अहो, गाडी मला द्या सकाळची." हे हो म्हणाले, पण इंजिनात बसवला शर्यतीचाच कॅम. आशा सुटत नाही माणसाची.

इंजिन चालू झालं आणि कोंबड्या परसात पळाल्या. उभ्या जागी गाडी गदागदा हलत होती. सासऱ्यांनी विचारलं, "हिला हिवताप झाला का रं?" हे खुशीत म्हणाले, "आवाज आयका, आवाज!"

सरळगावच्या बाजारच्या दिवशी हे शेजारी बसले आणि मी गाडी काढली. बाजारातून गाडी चालवायची म्हणजे सरकवायची. पुढे बकऱ्या, बाजूला सुक्या मासळीच्या पाट्या, मध्येच बैल. क्लच सोडला की गाडी एक उचकी द्यायची आणि बंद पडायची. पुन्हा चालू, पुन्हा उचकी. जरा जास्त रेस दिली तर बकऱ्यांच्या अंगावर जायची. मासळीवाली कमरेवर हात ठेवून बघत होती. "गो बाय, नवऱ्याला दे चालवाय," ती म्हणाली. मग ह्यांना म्हणाली, "आनि तुला तरी चालंल काय रं ही?" सगळा बाजार हसला. मला इतका संताप आला की मी किल्ली काढून ह्यांच्या मांडीवर टाकली आणि उतरले.

परतताना हे चालवत होते. गाव मागे पडलं, रस्ता मोकळा झाला आणि ह्यांनी गाडी ताणली. खोटं कशाला बोलू? एका वेगानंतर त्या इंजिनाचं रडगाणं थांबलं आणि ते गाऊ लागलं. पाठ सीटला चिकटली. मी ह्यांच्याकडे पाहिलं, तर असा चेहरा मी आमच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. माझा राग तिथंच विरला. मनात म्हटलं, आता नोकरी गेली. ह्या माणसाकडे कॅम बदलून मागायचा कोणत्या तोंडानं?

मला मागावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी कामावरून येऊन पाहते तर इंजिन पुन्हा उघडलेलं. ह्यांनी रजा टाकली होती. शर्यतीचा कॅम तेल लावून, कागदात गुंडाळून मित्राकडे परत पाठवायला ठेवलेला.

"अहो, कशाला?" मी म्हटलं.

"घाटात मी वर्षाला दोनदा जानार," हे मान वर न करता म्हणाले. "बाजारातून तुला रोज जायाचाय."

एवढंच. मी आत जाऊन चहा ठेवला आणि चुलीपाशी बसून रडले.

पुढची कित्येक वर्षं आम्ही सकाळी बरोबर निघायचो. सरळगावला आमचे रस्ते फुटायचे. मला किन्हवलीवरून शहापूरला जायचं, ह्यांना मुरबाडला. स्वतःच्या हातानं बांधलेल्या गाडीतून हे उतरायचे आणि काळ्या-पिवळ्या जीपच्या मागच्या फळीवर लोंबकळत कामावर जायचे. मी पोचायची तेव्हा बाकड्यावरची माणसं नुकती टेकत असायची. त्यांचं रक्त घेऊन मी त्यांना वेळेत चहाला सोडायची. आपल्यासाठी कोणी काय सोडलं हे त्यांच्यापैकी कोणाला माहीत असणार?

सरळगावच्या फाट्यापुढे माझ्या रस्त्यावर एक चढ होता. पहिल्या दिवसांत आरशातून मला हे दिसायचे. जीपवाला हॉर्न मारतोय, आतली माणसं ओरडतायत, आणि हे रस्त्यात कान देऊन उभे. मला वाटायचं, आपलं इंजिन ऐकतायत, हौशी माणूस. म्हणून एकदा चढावर मी मुद्दाम जोरात रेस दिली, त्यांना बरं वाटावं म्हणून. संध्याकाळी केवढे चिडले! म्हणाले, "मला वाटला, गाडी अडली. आवाजाचा काय करायचाय मला? तू चढ पार झालीस का, तेवढा आयकतो."