बहात्तर साली आईनं काय खाल्लं

"बरं, पण त्या दिवशी ते जेवले काय होते?"

लढाई असो, तह असो, राज्याभिषेक असो, विषय निघाला की तिचा हा प्रश्न ठरलेला. पेन कानामागे खोचायची, मान तिरकी करायची आणि विचारायची. एकदा इतिहासाचे विभागप्रमुख नगरच्या किल्ल्यातल्या राजबंद्यांवर अगदी रंगात येऊन बोलत होते. हिनं मध्येच विचारलं, "सर, त्यांच्यासाठी भाजी कोण आणायचं?" सरांची लयच गेली. म्हणाले, "मॅडम, तुम्ही इतिहास शिकवता की खानावळ चालवता?" सगळी स्टाफरूम हसली. तीही हसली. मग म्हणाली, "पण भाजी आणायचं कोण?"

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. एकच प्रश्न धरून बसतात आणि सगळं जग त्यातूनच बघतात. मला आधी तिचा वैताग यायचा. मग सवय झाली, आणि पुढे पुढे तर मीच वाट बघायला लागले की आता ही काय विचारते.

आमचं कॉलेज शेवगावकडचं, तालुक्याचं. मी मराठी शिकवायचे. ती इतिहासाला, पण तासावर नेमलेली, म्हणजे सीएचबी. मुलं तिला सीएचबी मॅडमच म्हणायची. नव्या मुलांना तर बिचाऱ्यांना ती तिच्या नावाची आद्याक्षरं वाटायची. दर जूनमध्ये तिची मुलाखत नव्यानं व्हायची आणि दर जूनमध्ये ती तीच निळी साडी नेसून यायची. पीएच.डी. झाली तर कायम होण्याची आशा होती. पण पीएच.डी.चा विषयच मंजूर होत नव्हता.

विषय होता, दुष्काळी कामांवरचं अन्न. गोऱ्या साहेबानं दुष्काळी कामांचे जे नियम घालून दिले, जवळपास त्याच वळणावर बहात्तरच्या दुष्काळातली आपली कामं चालली, असं तिचं म्हणणं. तशीच खडी फोडायची, तसंच मोजमाप. "राज्य बदललं ताई, पण ताटात काय बदललं? एवढंच बघायचंय मला," असं ती म्हणायची. विद्यापीठातल्या समितीवरच्या एका ज्येष्ठ सरांनी विषय परत पाठवला होता. शेरा असा की, हा इतिहास नाही, पाककला आहे. तो शेरा ती स्वतःच सगळ्यांना सांगायची आणि हसायची. एकदा मात्र सांगून झाल्यावर ती हसली नाही, तेव्हा मी तिला चहाला घेऊन गेले.

आणि नेमका त्याच वर्षी विद्यापीठाचा परिसंवाद आमच्या कॉलेजच्या वाट्याला आला. 'वसाहतोत्तर इतिहास आणि संस्कृती'. अध्यक्ष तेच, विषय परत पाठवणारे पुण्याचे सर. दुपारच्या सत्रात हिचा निबंध लागला. सरांना पटला तर विषय मंजूर, नाही पटला तर संपलंच. तिलाही ते माहीत होतं आणि आम्हालाही.

"मी आईला आणणार," ती म्हणाली. "बहात्तरला दुष्काळी कामावर होती ती. मी नुसतं वाचून काय होणार? सकाळी आई बोलेल, दुपारी मी वाचीन."

आईचं बोलणं मी ऐकलं होतं. एकदा त्यांच्या गावी गेले होते तेव्हा. चुलीपुढं बसून भाकरी थापता थापता म्हाताऱ्या बाई आपसूक बोलत होत्या. "सुकडी वाटायचे ना कामावर, गोड कोरड्या पिठाची, ती मी पदरात बांधून आनायची. ही आन् हिचा भाऊ, दोघं कुत्र्याच्या पिलागत वाट बघायचे. मी म्हनायची, माझं झालं खाऊन. आन् पानी प्यायची." बोलता बोलता त्यांनी भाकरी उलटली. पोरगी शेजारी बसून चुलीत काटक्या सारत होती. तिचा तो प्रश्न कुठून आला ते मला त्या दिवशी कळलं.

हेच आई सभागृहात बोलल्या असत्या, तर सरच काय, दगडसुद्धा हलला असता. पण आमच्याकडची एक रीत मध्ये आली. आमच्याकडे माणूस स्टेजवर चढला की त्याचा सत्कार झालाच पाहिजे. बोलायच्या आधीच. प्राचार्यांनी मोठ्या मनानं आईंसाठी शाल मागवली, नारळ मागवला. पुण्याच्या सरांनी शाल पांघरली, वाकून नमस्कार केला. आईंनी हात जोडून "जय भीम, साहेब" म्हटलं. टाळ्या झाल्या, फोटो निघाला. आणि मग माईक त्यांच्यापुढं धरला.

आता मला सांगा, खांद्यावर नवी कोरी शाल, शेजारी एवढा मोठा साहेब, समोर खुर्च्याच खुर्च्या. या घडीला कोण आपली उपासमार सांगेल?

"लई चांगलं हुतं," आई म्हणाल्या. "सरकारनं काय कमी केलं न्हाई. समद्यास्नी पोटभर भेटलं."

"आई, सुकडीचं सांग ना," ती हळूच म्हणाली.

"सुकडी हुती की. गोड लागायची."

"तू काय खायचीस?"

"समदे खायचे तेच. तुमी समद्यांनी आमचा मान केला, लई उपकार झाले."

सभागृहानं जोरात टाळ्या वाजवल्या. सर तसे वाईट नव्हते, सौम्यपणेच म्हणाले, "मॅडम, तुमची साक्ष तर तुमच्याच विरोधात गेली." लोक हसले. तिनं पेन कानामागून काढून पर्समध्ये ठेवलं. मला तर त्या शालीचा असा राग आला की काय सांगू.

जेवणाची व्यवस्था माझ्या गळ्यात मारलेली होती, बायकांच्या गळ्यात तीच पडते. पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, जिलेबी, मठ्ठा. पाहुण्यांची पंगत बसवली. आई काही पंगतीला बसेनात. "तुमचं हुंद्या, मग मी." शेवटी स्वयंपाकाच्या मांडवात एका कडेला त्यांना ताट वाढून दिलं आणि मी वाढपाच्या गडबडीत लागले.

थोड्या वेळानं मी आणि ती दोघी मांडवात आलो. आई आमच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. पुढ्यात ती शाल पसरलेली आणि ताटातल्या पुऱ्या, जिलेबी तिच्यात बांधणं चाललेलं. घरी नातवंडं होती. भात तेवढा ताटाच्या कडेला सारून ठेवला होता, तो नेता येण्यासारखा नव्हता म्हणून. गाठ मारून त्या तांब्यातलं पाणी प्यायल्या. तेवढ्यात हात धुवायला पुण्याचे सर पिंपाजवळ आले.

"जेवलात का आजी?"

"जेवले की साहेब. पोटभर."

"छान, छान," म्हणत सर हात पुसत निघून गेले.

मी तिचा दंड धरला. "अगं, सरांना बोलव. हे दाखव त्यांना. तुझा सगळा निबंध इथं बसलाय."

"नको ताई," ती म्हणाली. "आईला कळंल आपण बघितलं ते."

मग ती आईपुढं जाऊन खाली बसली. मातीतच, चांगल्या निळ्या साडीनिशी. गाठोड्याकडे बघितलं नाही, काही विचारलं नाही. "मला एकटीला जेवण जाईना," एवढं म्हणाली, भाताचा घास कालवला आणि आईच्या तोंडाशी नेला. आईंनी मान मागं घेतली. हिनं हात तसाच धरून ठेवला. शेवटी त्यांनी घास घेतला.

सभागृहातून माईकवर तिचं नाव पुकारलं. मी म्हटलं, "ऊठ, तुझा निबंध आहे." पुन्हा पुकारलं. आई म्हणाल्या, "तुला बोलावत्यात. जा." ती काही उठली नाही. ती उठली असती तर आईंनी ताट बाजूला सारलं असतं. मी आत जाऊन सांगितलं की त्या येऊ शकत नाहीत. सरांनी घड्याळ पाहिलं आणि पुढचा निबंध घ्यायला सांगितला.

तिचा विषय मंजूर झाला नाही. पुढच्या जूनमध्ये तिचे तास दुसऱ्या कुणाला तरी मिळाले. बीडकडे कुठल्याशा शाळेत लागली, असं ऐकलं. नंतर भेट नाही. स्टाफरूममध्ये आता कुणी मध्येच काही विचारत नाही आणि इतिहासाचे सर सलग बोलतात. मला त्याचा कंटाळा येतो.

त्या दुपारी मी परत मांडवात आले तेव्हा ताट रिकामं झालं होतं. ती बोटं चाटत होती. आईंनी माझ्याकडे बघितलं, मग पोरीकडे, आणि लाजून, अगदी हळू आवाजात विचारलं, "बाई, आनखी थोडा भात हाय का?"