माझ्याच सहीविरुद्ध

कोर्टाचं समन्स आलं तेव्हा बायकोला वाटलं, अमेरिकेतल्या माझ्या बहिणीला आलं होतं तसलंच काहीतरी असेल. बहिणीला तिकडे ज्युरीवर बोलावलं होतं आणि दोन दिवस नुसतं बसवून घरी पाठवलं होतं.

"पुस्तक ने बरोबर," बायको म्हणाली.

मी तिला सांगितलं, सिंगापूरमध्ये ज्युरी केव्हाच बंद झाली, इथे न्यायाधीश एकटाच निकाल देतो. मला साक्षीला बोलावलं होतं, आमच्या फोर्कलिफ्टवाल्या अंकलच्या वकिलानं.

तुआसच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्स इंजिनिअर होतो. पाच महिन्यांपूर्वी गोदामात फोर्कलिफ्ट मागे घेताना ती एका बांगलादेशी कामगाराच्या पायावरून गेली होती. गाडी चालवणारा साठीचा चिनी अंकल, त्याच्यावर निष्काळजीपणाचा खटला भरला गेला. गाडी मागे जाताना वाजणारा भोंगा बंद होता, असं तो पहिल्या दिवसापासून सांगत होता. पण त्या सकाळच्या तपासणीच्या कागदावर भोंग्यापुढे बरोबरची खूण होती आणि खाली माझी सही.

मी गाडी तपासलीच नव्हती. दुपारी माल निघायचा होता, सगळ्यांची घाई चालली होती. केबिनमध्ये बसून मी एकामागून एक खुणा करत गेलो होतो. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. समन्स आलं त्या संध्याकाळी बायकोला सांगितलं.

तिनं गॅस बंद केला. मग म्हणाली, "ज्याच्या पायावरून गाडी गेली, त्याला भेटलास?"

"नाही."

"मग आधी तिकडे जा. काय बोलायचं ते तुझं तुलाच कळेल."

रविवारी मी कामगारांच्या डॉर्मिटरीत गेलो. तो खाटेवर बसून कांदा चिरत होता, काठी बाजूला टेकवलेली. मला पाहून उठायला लागला, मी त्याला बसवलं. मोडक्या हिंदीत म्हणाला, "सर, मेरा भी गलती. पीछे देखा नहीं. रोज आवाज आता है, उस दिन नहीं आया."

तो माझीच माफी मागत होता! मी म्हटलं, "गलती तुम्हारी नहीं, मेरी है." त्याला ते नीट कळलं की नाही, कोण जाणे. त्यानं मला जेवायचा आग्रह केला. मी जेवलो. परतताना एमआरटी मेट्रोत बसलो तेव्हा माझं ठरलं होतं.

मॅनेजरला सुगावा लागला असावा. मला बोलावून अगदी गोड आवाजात म्हणाला, "पाच महिने झाले, आठवत नसेल तर आठवत नाही म्हण. कुणी काही म्हणणार नाही. तुझा इथे राहायचा पास आमच्याकडून आहे, घरी मुलगी आहे, विचार कर."

"विचार केलाय," मी म्हटलं.

कोर्टात सकाळभर बाहेरच्या बाकावर बसलो होतो. आपली साक्ष होईपर्यंत साक्षीदाराला आत जाता येत नाही. एसी इतका गार की हात काखेत धरले. एक बाई येऊन विचारून गेल्या, दुभाषी हवा का. मी नको म्हटलं. जे बोलायचं होतं त्याला दोनच शब्द पुरेसे होते.

दुपारी नाव पुकारलं. खरं सांगेन, असं उभं राहून म्हटलं. वकिलानं तो कागद पुढे केला.

"ही सही तुमची?"

"हो."

"भोंगा तपासला होता?"

न्यायाधीशबाईंनी लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. अंकल मान खाली घालून बसला होता.

"नाही," मी म्हटलं. "मी त्या गाडीजवळ गेलोच नव्हतो."

मग सरकारी वकील उठला. "पाच महिने गप्प का राहिलात?"

"नोकरी जाईल म्हणून."

"आज जाणार नाही?"

"जाईल बहुतेक."

त्यानं आणखी अर्धा तास मला उलटसुलट घुसळलं. मी काही लपवलं नाही, काही सजवलंही नाही. साक्ष संपवून उतरलो. दारापाशी अंकल आला, हात मिळवला नाही, हसलाही नाही. "जेवून घे आधी," एवढंच म्हणाला.

महिन्याभरात कंपनीनं कळवलं, करार पुढे वाढवणार नाही. बायको तांजोंग पगार भागातल्या एका कंपनीत अकाउंट्समध्ये होती. "माझ्या पासवर राहू," ती म्हणाली, आणि लगेच ऑफिसातून फॉर्म घेऊन आली. मुलीनं शाळेत काय सांगायचं विचारलं. मी म्हटलं, बाबानं काम नीट केलं नव्हतं, म्हणून गेलं. "ओके लाह," ती इथल्या मुलांच्या बोलीत म्हणाली आणि गृहपाठाला बसली.

पुढे जुरोंग ईस्टला एका छोट्या कंपनीत लागलो, आधीपेक्षा खालच्या जागेवर. मुलाखतीत जुनी नोकरी का सोडली विचारलं तेव्हा झालं ते सगळं सांगितलं. समोरच्या माणसानं ते लिहून घेतलं. मग म्हणाला, "सोमवारी येऊ शकाल?"

अंकल निर्दोष सुटल्याचं त्याच्या वकिलानं फोन करून कळवलं. बांगलादेशी कामगार त्याआधीच गावी परतला होता.