साडूभाऊंचे टाको

सबंध बीड जिल्ह्यात मूर्खपणाची स्पर्धा ठेवली तर आमच्या साडूभाऊंना परीक्षक म्हणून बोलवावं लागेल, कारण ते स्पर्धेत उतरले तर बाकीच्यांना उत्तेजनार्थ बक्षीससुद्धा उरणार नाही. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, यजमान. माजलगावच्या बाजूला एका सहकारी साखर कारखान्यात ते केमिस्ट होते. उसाच्या रसात चुना किती घालायचा हे ठरवण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि इतका चुना हाताळूनही त्यांना तो कुणाला लावता आला नाही. सहकारात राहून असा कोरा राहिलेला दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. मी मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, बी-बियाण्यांचं दुकान चालवतो, त्यामुळे नाना तऱ्हेची माणसं रोज बघतो. पण हे बियाणं वेगळंच होतं.

एकदा कारखान्याच्या संचालकांचा अभ्यासदौरा मेक्सिकोला निघाला. तिथेही ऊस होतो, आणि तिथला ऊस डोळ्यांनी पाहिल्याशिवाय इथल्या उसाला गोडी यायची नाही, यावर मंडळाचं एकमत झालं. एरवी या मंडळाचं चहात साखर किती यावरही एकमत होत नसे. इंग्रजी बोलायला कुणीतरी हवं म्हणून साडूभाऊंना बरोबर घेतलं. तिथे उतरल्यावर कळलं की त्या मुलखात इंग्रजीचा फारसा उपयोग नाही. संचालक मंडळी घरून नेलेल्या दशम्या आणि ठेचा पुढ्यात घेऊन हॉटेलात पत्ते खेळत बसली. साडूभाऊ एकटेच कारखाना बघायला गेले. फाटकाबाहेर एका गाड्याभोवती कामगार जेवत होते. त्यांनी या परक्या माणसाला खुणेनं बोलावलं, बाकावर सरकून जागा केली आणि हातात टाको दिला. टाको म्हणजे तळहाताएवढी मक्याची भाकरी, तिच्यात निखाऱ्यावर भाजलेलं डुकराचं मटण, वर कांदा, कोथिंबीर आणि लिंबू. साडूभाऊंनी तो खाल्ला आणि ते कायमचे बिघडले.

परत आल्यावर दर रविवारी कारखान्याच्या क्वार्टरमागच्या अंगणात धूर निघू लागला. शेगडी त्यांनी भंगारातल्या पत्र्याची जोडून घेतली होती आणि तिच्यावर रस गाळायची जुनी जाळी टाकली होती. अक्का माळकरी. घरात अंडंसुद्धा चालत नसे, म्हणून सगळा कारभार अंगणात आणि भांडी बाहेरची. आता आमच्याकडे ज्वारी माणसाची आणि मका जनावराचा, ही वाटणी कुणी मोडत नाही. पण साडूभाऊ मका चुन्याच्या पाण्यात शिजवत, रात्रभर भिजवत, चोळून साल काढत आणि पाट्यावर वाटत. अक्का दारातून बघत आणि म्हणत, "अहो, मानसं भिताडाला चुना लावत्यात, तुमी भाकरीला लावाया लागले." सुरुवातीच्या एका भाकरीची चव मला घ्यावी लागली होती. ती दाराखाली सरकवली असती तर वादळातसुद्धा दार हललं नसतं. बरं, मका धुवायला पाणी लागतं, आणि कॉलनीत पाणी टँकरनं येत होतं. शेजारणी घागरीसाठी भांडत असताना हे मक्याला न्हाऊ घालत बसत. मग वरमून मक्याचं पाणी झाडांसाठी बादलीत धरत आणि आंघोळीशिवाय ऑफिसला जात. केमिस्ट माणूस, हिशेब असा जुळवायचा.

मटण भाजताना ते व्याख्यान देत. ऐकायला बहुधा मी एकटाच असे, कारण दुष्काळात बियाण्याला गिऱ्हाईक नव्हतं आणि बायको म्हणे, जा जरा अक्काकडे. "मिरची कुनाची?" ते चिमटा रोखून विचारत. "मेक्सिकोची. टमाटं कुनाचं? मेक्सिकोचं. मका तिकडचा. आन् ही येडी बाभळ, दुष्काळात एवढीच हिरवी दिसती, तीबी तिकडचीच. हिचाच कोळसा हाय ह्यो. पाव्हणं, तुमी पयल्यापास्नं मेक्सिकनच हायेत, फकस्त तुमाला कुनी सांगितलं न्हाई." मी म्हणत असे, कांदा तरी आमचा राहू द्या.

डुकराचं मटण ते औरंगाबादहून आणत. गावातल्या उकिरड्यावर फिरणारं डुक्कर वेगळं आणि फार्मवर मका खाऊन वाढलेलं वेगळं, हे त्यांनी सगळ्या कॉलनीला समजावलं होतं आणि एकालाही पटलं नव्हतं. एकदा ते बर्फाची पेटी घेऊन एसटीत बसले. कंडक्टरनं विचारलं, पेटीत काय हाय? शहाणा माणूस 'औषधं' म्हणाला असता. हे म्हणाले, "डुकराचं मटण." बसमध्ये असा गलका झाला की कंडक्टरनं घंटी मारून त्यांना गढीच्या फाट्यावर भर उन्हात उतरवलं. पुढे छावणीला चारा नेणारा एक ट्रक थांबला. चढण्याआधी यांनी ड्रायव्हरलाही सांगितलं, पेटीत डुकराचं मटण आहे म्हणून. ड्रायव्हर म्हणाला, "मी इचारलं का बे?" ही गोष्ट साडूभाऊ स्वतः सांगत, आणि ड्रायव्हर त्यांच्यावर का चिडला हे त्यांना कधीच कळलं नाही.

इतकं करून खायला कोण? कुणी नाही. रविवारी सकाळी ते घरोघरी आमंत्रण देत, आणि आमंत्रणातच सांगत की डुकराचं आहे. लोक नाकाला रुमाल लावून फाटकावरून जात. एकदा एक फिटर भिडेखातर आला, कांदा आणि लिंबू खाऊन गेला. मी कितीदा म्हटलं, "साडूभाऊ, बोकड म्हणा की. कुणाच्या बापाला कळतंय?" ते म्हणत, "मला कळतंय ना." कारखान्यातही हेच. उसाचा उतारा, म्हणजे उसातून साखर किती निघाली तो आकडा, कागदावर जरा कमी दाखवा, असं वरून सांगणं आलं होतं. उतारा कमी तर शेतकऱ्याचा दरही कमी. यांनी सही केली नाही. त्यानंतर त्यांची बढती जी झोपली ती पुन्हा उठली नाही. अशा माणसाची कीव करायची की त्याला झोडायचं, हे ठरवता ठरवता मी म्हातारा झालो.

एकदा चिडून मी विचारलं, "अहो, कशाला करता हे सगळं? एक माणूस येत नाही." तेव्हा ते निखारे सारता सारता थांबले. म्हणाले, "त्या मानसांनी मला काई इचारलं न्हाई हो. कोन, कुठला, काय हुद्दा. नुसते सरकले आन् म्हनले, बस. आपल्या अंगनात आसं एकदा व्हावं वाटतं." मी म्हटलं, मग वांग्याचं भरीत करा, गाव सरकून बसेल. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मी उताऱ्याचा आकडा खोडला.

मग दुष्काळाचं दुसरं वर्ष उजाडलं. धरणाचा तळ उघडा पडला, ऊसच नाही तर गाळणार काय? गळीत बंद. पाऊस येईपर्यंत यंत्रं सांभाळायला मोजकी माणसं ठेवायची आणि बाकीच्यांना घरी पाठवायचं ठरलं. यादी चेअरमनच्या हातात. यादीत नाव नाही तर क्वार्टर सोडायचं आणि पुण्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये जायचं. अक्कांचा जीव त्या अंगणात होता. शेवगा, कढीपत्ता, एक लिंबाचं झाड, सगळं त्यांनी सांडपाण्यावर जगवलं होतं. त्यांनी माझ्या बायकोला बोलावून घेतलं आणि दोघींनी बेत केला: चेअरमनला बोकडाचं जेवण द्यायचं. आमच्याकडे कुठलंही अडलेलं काम याच वाटेनं पुढे सरकतं. माळकरी अक्कांनी स्वतः बोकडाच्या मटणाची व्यवस्था केली, यावरून ओळखा.

साडूभाऊंनी हो म्हटलं, पण बोकड टाकोतच वाढणार म्हणाले. वर, तो रविवार होता. त्यांचं रविवारचं डुक्कर पेटीत येऊन पडलं होतं, आणि चेअरमन येतो म्हणून मी आपलं जेवण लपवू काय, असा त्यांचा सवाल. अक्कांनी कपाळावर हात मारला. शेवटी साडूभाऊंनी शेगडीच्या मधोमध पत्र्यावर चुन्याची रेघ ओढली. अल्याड बोकड, पल्याड डुक्कर. तवे वेगळे, चिमटे वेगळे, परातीसुद्धा वेगळ्या. असली सोय आमच्या साडूभाऊंनाच सुचू शकते.

दिवस मावळताना चेअरमन कार्यकर्त्यांसह आले. अंगण पहिल्यांदा माणसांनी भरलं. सतरंजी अपुरी पडली तेव्हा लोक आपोआप सरकले, एकमेकाला म्हणाले, बसा, बसा. मी साडूभाऊंकडे पाहिलं. लग्नातल्या नवरदेवासारखे ते उगीच हसत होते.

आता आमच्या पुढाऱ्यांची एक रीत आहे. कार्यकर्त्याच्या घरी ताटाची वाट बघायची नाही. सरळ चुलीपाशी जायचं, स्वतःच्या हातानं घ्यायचं आणि उभ्यानं खायचं, म्हणजे लोक म्हणतात, साहेब किती साधे! चेअरमन उठले, बाह्या सारल्या, शेगडीपाशी गेले आणि वासाच्या रोखानं रेघ ओलांडून पल्याडच्या परातीतला टाको उचलला. "काय वास हाय राव!" ते म्हणाले. "दिसायला बोकड, पर वास लई येगळा." एका कार्यकर्त्यानं फोटो काढायला मोबाईल वर धरला.

हे कळलं होतं तिघांना. मी साडूभाऊंना डोळ्यांनी विनवलं. अक्का दाराची चौकट धरून उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. काही करायचं नव्हतं हो, फक्त गप्प बसायचं होतं. एक घास खाली गेला की नोकरी राहिली, क्वार्टर राहिलं, लिंबाचं झाड राहिलं. जगात रोज लाखो माणसं याहून मोठ्या गोष्टींवर गप्प बसतात आणि सुखानं झोपतात.

साडूभाऊ म्हणाले, "सायेब, ते ठिवा. ते डुकराचं हाय. तुमचं रेघंच्या अल्याड हाय."

मोबाईल खाली आला. चेअरमननी टाको हळूच परातीत ठेवला, बादलीतल्या टँकरच्या पाण्यानं हात धुतले, मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलं." मग त्यांना आठवलं की पाटोद्याला एक लग्न आहे. बोकड तरी घ्या, असं अक्का म्हणाल्या, पण एकाच जाळावरचं कोण खाणार? अंगण जसं भरलं तसं रिकामं झालं.

मला वाटलं, आता अक्का बोलतील आणि सगळी कॉलनी ऐकेल. पण त्या पायरी उतरून आल्या आणि जन्मात पहिल्यांदा त्या शेगडीजवळ बसल्या. म्हणाल्या, "मला ती नुसती भाकर द्या, कोऱ्या तव्यावरची. वर कांदा आन् लिंबू पिळा." साडूभाऊ सरकले. त्या दिवशी ती एकच भाकरी त्यांच्या हातून न तुटता निघाली. मीही जेवलो. अल्याडचं खाल्लं की पल्याडचं ते मी सांगणार नाही, मला मोंढ्यात दुकान चालवायचं आहे. पण टाको चांगला नव्हता. मका कच्चा होता, तिखट अचाट होतं. मी दोनदा मागून घेतला.

यादी लागली, नाव नव्हतं. जाताना साडूभाऊंनी शेगडी माझ्याकडे ठेवली. रविवारी पुण्याहून फोन येतो, "पाव्हणं, इथं धूर केला की वॉचमन वर येतो." मी म्हणतो, बरं करतो. फोन ठेवल्यावर मात्र घर सुनं वाटतं.

पुढं पाऊस झाला, धरण भरलं, कारखान्याचं धुराडं पेटलं. नवा केमिस्ट आला आहे, तो सगळ्या कागदांवर सही करतो. परवा एका मोठ्या जेवणावळीत मी चेअरमनच्या समोरच्या पंगतीत होतो. त्यांनी घास उचलला, तोंडाशी नेला आणि थांबले. हल्ली ते असेच थांबतात म्हणे. "हे काय हाय?" त्यांनी विचारलं. सगळी पंगत एका सुरात म्हणाली, "बोकड, सायेब!" घास तसाच धरून चेअरमन एकेका चेहऱ्याकडे बघत राहिले. माझ्याकडेही त्यांनी बघितलं. त्या वेळी मला साडूभाऊंची इतकी आठवण झाली की माझ्याही ताटातलं पुढे जाईना. खरं काय ते सांगणारा आमच्याकडे एकच मूर्ख होता, आणि त्याला आम्ही पुण्याला घालवून बसलो.